निवळलेलं पाणी

काचेच्या पेटीतलं पाणी पांढुरकं झालं होतं. काल संध्याकाळपर्यंत त्यातून पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. आज त्यात मासेही धड दिसत नव्हते. दुधात पाणी घालावं तसं कुणीतरी पाण्यात दूध घातलंय, असं माणिकप्पाच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच वैताग आला. वीस-बावीस वर्षं तालुक्याच्या सहकारी दूध संघात कॅनमागून कॅन उघडायचे, लॅक्टोमीटर सोडायचा, तो किती बुडतो ते बघायचं आणि कॅन आणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता आकडा सांगायचा. एवढं केल्यावर माणसाला जगात दुसरं काही सुचतच नाही. राखुंडीचं बोट तोंडात तसंच ठेवून तो उभा राहिला. जगदेवी, त्याची एकुलती एक मुलगी, पेटीसमोर उकिडवी बसली होती. तिन्ही मासे, दोन सोनेरी आणि एक काळा, वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. आवाज काहीच नव्हता. आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं.

“ह्यात कुणी काय टाकलं?” जगदेवीनं मागं न बघता विचारलं. आत चुलीपाशी भांडं वाजायचं थांबलं. मग शांताक्कानं, त्याच्या बायकोनं, तिथूनच कबूल केलं की काल दुपारी तिनं भाकरीचा मूठभर कुस्करा टाकला होता. उपाशी दिसत होते बिचारे. आधी हीच शांताक्का लिंगवंताच्या घरात मासे कशाला म्हणून महिनाभर तोंड फुगवून बसली होती, आणि आता त्यांना लपूनछपून जेवायला घालत होती. जगदेवी चिडली नाही. चिडणं तिनं सोलापुरातच कुठंतरी ठेवून दिलं होतं. ती सांगू लागली, आईला की बापाला ते कळत नव्हतं: न खाल्लेलं खाली बसतं, सडतं, पाणी नासतं, मग माशांना श्वास पुरत नाही. आता रोज थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं. नवं म्हणजे दोन दिवस घागरीत ठेवलेलं, नळाच्या औषधाचा वास गेलेलं. मग चार-सहा दिवसांत आपोआप निवळतं. घाई केली की मरतात. एवढं बोलून ती पहिल्यांदाच वळली आणि थेट बापाकडे बघून म्हणाली, “दुसरं काय बी घालू नका ह्यात, अप्पा. दिसू द्या घाण. दिसलं म्हनून काय हुत न्हाय.”

दिसलं म्हणून काही होत नाही, हे माणिकप्पाला कधी पटलं नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य दिसण्यावर चाललं होतं. धोतर, कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा, घरातलं पाणी. गल्लीत कुणाकडेही पाहुणा आला तर पाणी प्यायला माणिकप्पाच्या ओट्यावर यायचा, इतकं त्याच्या घरचं पाणी नितळ. उमरग्याला या साली नळ आठवड्यातून एकदा सुटला तर सुटला. बाकी टँकर, आणि टँकरमध्ये तळ्याच्या बुडाचं पाणी, अंबाडीच्या भाजीच्या रंगाचं. पण ते त्याच्या रांजणात गेलं की दोन तासांत आरसा. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, हा त्याच्या बापाचा नेम. सकाळ झाली की कालचं उरलेलं सगळं ओतून, भांडी राखेनं घासून, ताजं भरायचं. दुष्काळानं हा नेम मोडला होता, आणि मोडला त्याचं त्याला दुःख होतं, कुणाला सांगण्यासारखं नसलेलं. लिंगपूजेला तो आता वाटीभर पाणी घ्यायचा. इकडे माशांसाठी अख्खी घागर कोपऱ्यात शिळी होत ठेवलेली असायची, वरून फडकं बांधून. देवाला वाटी आणि माशाला घागर, असं तो एकदा म्हणाला होता. जगदेवी नुसती हसली होती, तेही ओठांपुरतं.

ती आली दिवाळी झाल्यावर. सोलापूरच्या एसटीतून आधी लोखंडी पेटी उतरली, मग वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी मोठं चौकोनी, आणि शेवटी ती, दोन्ही हातांत डालड्याचा डबा धरून, झाकणाला भोकं पाडलेला. माणिकप्पा स्टँडवर आला होता तेव्हा त्यानं मनाची तयारी करून ठेवली होती. पोरगी गळ्यात पडेल, रडेल, चार माणसं बघतील, आपण म्हणू, रडू नको बाई, आपलं घर हाय. त्यातलं काही झालं नाही. “अप्पा, डबा हलवू नका,” एवढंच ती म्हणाली. शरणबसप्पा, तिचा नवरा, काविळीनं गेला होता. सोलापुरात त्यांच्या गल्लीत गटाराचा नळ आणि पिण्याचा नळ जमिनीखाली कुठंतरी एकमेकांना मिळाले होते म्हणे, एका घरात नाही तर पाच घरांत माणसं पिवळी झाली. पाणी दिसायला चांगलं होतं, हे जगदेवीच नंतर एकदा बोलून गेली. लग्नाला दोन वर्षं, मूलबाळ नाही. सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले, भांडी ठेवून घेतली; मासे कुणाला नको होते. ते शरणबसप्पाचे. गिरणीतून सुटला की तो त्या पेटीसमोर बसायचा, आणि तीही बसायला लागली. नवरा-बायकोंनी संध्याकाळी एका जागी बसून माशांकडे बघायचं, याला काय म्हणावं हे माणिकप्पाला कळेना. तो आणि शांताक्का कधी एका जागी बसून कशाकडे बघत होते, त्याला आठवत नव्हतं. बहुतेक कुणाच्या तरी मयतीला.

संक्रांत झाली तसा त्यानं विषय काढला. लोहाऱ्याचा महांतप्पा, किराणा दुकानदार, चाळिशीचा, बायको बाळंतपणात गेलेली, दोन पोरं. आपल्यात विधवेला उडकी करता येते. वाजंत्री नाही, मांडव नाही, चार माणसांत दिवेलागणीला लुगडं-चोळी देऊन घरात घ्यायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, असं तो बराच वेळ बोलत राहिला. आणि जे बोलायचं नव्हतं तेही बोलून बसला, की महांतप्पाच्या घरामागच्या आडाला अजून पाणी आहे. सगळं लोहारा कोरडं पडलंय, पण त्याच्या आडाला आहे. तेव्हा मुलीच्या तोंडाकडे बघून त्याला वाटलं होतं, आपण बैल विकायला आलोय आणि गिऱ्हाइकाच्या गोठ्याचं कौतुक सांगतोय. पण ते खरं होतं. बहात्तर साली खडी फोडायच्या कामावर त्यानं बायका बघितल्या होत्या, रांगेत, सुकडीच्या आणि पाण्याच्या, आणि ज्यांच्यामागं पुरुष नाही त्या रांगेत कुठं ढकलल्या जातात तेही बघितलं होतं. त्याचं वय पंचावन्न. छातीत अधूनमधून एक गाठ बांधली जाऊन सुटायची. आपण गेल्यावर या दोन बायका घागरी घेऊन उभ्या आहेत, असं चित्र त्याला दिवसाउजेडी दिसायचं. जगदेवीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे मासे हायेत तवर मला इचारू नका. मासे गेले की तुमी म्हनाल तसं. माझा सबूद.” तो कबूल झाला. मनातल्या मनात त्यानं हिशेबही केला, काय जगतील, महिना? उमरग्याचं पाणी आणि ही तीन बोटांएवढी जनावरं. शांताक्कानं त्या वेळी त्याच्याकडे बघितलं होतं, आणि ती नजर त्याला आवडली नव्हती.

पण जगले. महाशिवरात्र गेली, पाडवा गेला, वीज तासन्‌तास जायला लागली तसा हवेचा पंप बंद पडायचा, मग जगदेवी पेल्यानं पेटीतलंच पाणी उचलून उंचावरून परत पेटीत सोडायची, घटका-घटका. पहाटे तो जागा व्हायचा त्याच आवाजानं. घरात कुणीतरी सारखं पाणी ओतून घेतंय आणि पितंय, असा तो आवाज. त्याला त्याचा राग यायचा आणि ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी तो उठून बघायला जायचा. ती दोन घास जास्त जेवायला लागली होती. एकदा तिनं आईला काळा मासा सोनेऱ्यांना कसा हुसकतो ते हसत सांगितलं, आणि माणिकप्पा अंगणात उभा राहून ऐकत राहिला. त्याला तेव्हा सुख झालं. महांतप्पाचा तिसरा निरोप खिशात असताना सुख झालं, हेही त्याच्या लक्षात आलं.

पाणी नासलेल्या त्या सकाळी दूध केंद्रावर तो उशिरानं पोचला. उशीर होऊन बिघडण्यासारखं काही नव्हतं. जिथं शंभर कॅन यायचे तिथं बारा-पंधरा येत होते. जनावरं छावणीवर, नाहीतर बाजारात. थंडगार टाकीचा तळ तेवढा ओला व्हायचा. संघाचे लोक म्हणत, पावसापर्यंत केंद्र बंदच ठेवू. लोहाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर गुलाब कॅन उतरवून झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाला की महांतप्पांनी निरोप दिलाय. उद्या सकाळच्या गाडीनं ते मावशीला घेऊन येणार, मुलगी बघणार. आखितीच्या आत होकार मिळाला तर ठीक, नाहीतर त्यांना निलंग्याकडचं स्थळ आलंय. गुलाबनं हे सगळं खाली बघून सांगितलं, चांगला माणूस होता तो. माणिकप्पा म्हणाला, येऊ द्या. हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याला आठवलं की येऊ द्या म्हणण्याचा त्याला हक्क नाही. तीन मासे जिवंत आहेत.

दुपारी तो घरी आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. टँकर येणार म्हणून मायलेकी घागरी घेऊन मारुतीच्या पाराकडे गेल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्याच बायका गेल्या असाव्यात, कारण कुठूनच बोलणं ऐकू येत नव्हतं. चैत्राचं ऊन पत्र्यावर पडलं होतं, पत्रा मधूनच कडकन वाजत होता. त्यानं टोपी काढली, हातपाय न धुता तसाच पेटीसमोर बसला. पाणी सकाळपेक्षा वाईट झालं होतं. भाताच्या पेजेसारखं. सोनेरी रंग त्यात मध्येच उगवायचा, मावळायचा. उद्या महांतप्पा इथंच बसणार, या खाटेवर, आणि त्याची मावशी. ती बाई आधी लुगड्याचा काठ बघणार, मग पाण्याचा तांब्या, मग हे. माणिकप्पाच्या घरात नासकं पाणी, तेही पुढच्या खोलीत, काचेतून दिसेल असं. त्याला उठून काहीतरी करावंसं वाटलं. हातांना काम नसलं की त्याला असंच व्हायचं.

तुरटीचा खडा देवळीत असायचा, सुतळी बांधलेला, लिंबाएवढा. तो खडा फिरवणं त्याला बापानं शिकवलं होतं. बाप पेठेत हमाली करायचा, पण पाण्याच्या बाबतीत पूजा सांगणाऱ्या जंगमापेक्षा कडक. खडा सुतळीला धरायचा, पाण्यात बुडवायचा, हळूहळू गोल फिरवायचा, आणि दर वेढ्याला एकदा नमः शिवाय म्हणायचं. कळशीला पाच, घागरीला अकरा. जास्त फिरवली की पाणी जिभेला आवळतं, पोट बांधतं. नाव घेतलं की हात चुकत नाही, बाप म्हणायचा; देवाचं नाव ते देवासाठी कमी आणि मापासाठीच जास्त असावं, असं माणिकप्पाला मोठेपणी वाटलं होतं. बहात्तर साली पाझर तलावाच्या कामावर त्यानं अख्ख्या टिपाचं पाणी असं निवळवलं होतं आणि मुकादमानं त्याला त्या दिवसापासून पाण्यावरच नेमलं होतं. चाळीस वर्षं हाताला सवय. आंधळा झाला तरी फिरवील.

पोरगी म्हणाली होती, काही घालू नका. पण तुरटी म्हणजे काही घालणं नव्हेच, असं त्याला वाटलं, किंवा असं वाटलं असं त्यानं नंतर ठरवलं. तुरटी काही पाण्यात राहत नाही, घाण खाली नेते आणि खडा परत देवळीत जातो. आपण सगळे तेच पितो. कुणी मेलं नाही. उलट ती येईल, घागर उतरवील आणि बघेल तर पाणी आरशासारखं, मासे त्यात खेळतायत. म्हणेल, अप्पा, हे कसं झालं? तिच्यासाठी एवढं तरी आपल्याला येतं. मेल्यासारखी सहा महिने वावरणारी आपली पोर, तिच्यासाठी बापाला एवढं तरी करता यावं. हे सगळं तो खरंच मनात म्हणत होता आणि ते खोटं नव्हतं. त्याचे डोळेसुद्धा भरून आले होते. खडा पाण्यात गेला तेव्हा काळा मासा बाजूला सरला, परत आला, सुतळीला तोंड लावून बघून गेला.

तो फिरवत राहिला. कोपऱ्याकोपऱ्यातून, तळापासून वर. पाण्याला आधी काहीच झालं नाही, मग त्यात कापसाचे बारीक तंतू दिसायला लागले, मग ते एकमेकांना चिकटून जड झाले. हे बघायला त्याला नेहमीच आवडायचं. तो लोहाऱ्याचा आड बघत होता. आडाला दगडी पायऱ्या, रहाट, आणि जगदेवी वाकून दोर ओढतेय. घागर वर येते, सांडते, आणि सांडलं म्हणून कुणी बोलत नाही. पलीकडे दोन पोरं. त्यातलं धाकटं तिच्या पदराला धरून. किती वेळ तो तिथं होता कोण जाणे. पत्रा वाजला आणि तो खोलीत परत आला. हात पाण्यातच होता, मनगटापर्यंत. बोटांची टोकं सुरकुतली होती. खडा बाहेर काढला तर त्याचे कोपरे गेले होते, हाताला तो साबणासारखा गुळगुळीत लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यानं एकदाही नाव घेतलं नव्हतं. एकही. त्यानं मागं जाऊन आठवून बघितलं, ओठ हलले होते का, पहिल्या वेढ्याला तरी. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पेटीत अजून सगळं शांत होतं; मासे खाली गेले होते, वाळूपाशी, आणि वर तोंड उघडायला येत नव्हते. बरं वाटलं असेल त्यांना, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. थोडं पाणी काढावं, दुसरं घालावं, असंही त्याला सुचलं. कोपऱ्यातली माशांची घागर अर्धी होती. तिच्याकडे तो बघत बसला. उठला नाही. का उठला नाही, हे त्याला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पाणी बसतंय, ढवळलं तर परत गढूळ होईल.

मायलेकी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. जगदेवीच्या डोक्यावर दोन घागरी, मान ताठ, घामानं चोळी भिजलेली. तिनं उंबऱ्यातच पेटी बघितली. पाणी असं निवळलं होतं की पाणी आहे हेच कळत नव्हतं, कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या. आणि ती हसली. दोन घागरींखाली उभी राहून, लग्नाआधी हसायची तशी, सगळ्या तोंडानं. “अव्वा, बघ की, निवळलं,” ती आईला म्हणाली. ते हसू माणिकप्पानं बघितलं. नंतर पुष्कळ वेळा त्यानं विचार केला की ते आपण बघितलं नसतं तर बरं झालं असतं. मग तिनं घागरी उतरवल्या, जवळ गेली. वाळूवर पांढरा साका बसला होता, आणि त्या साक्यात काळा मासा कुशीवर पडला होता, कल्ला भराभर हलत होता. सोनेरी दोघे तिरपे होऊन वर येत होते, परत खाली घसरत होते. अंगावर बुळबुळीत पांढरी साय धरल्यासारखी. जगदेवीनं बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

ती बापाकडे वळली. माणिकप्पा म्हणाला, “लई गढूळ हुतं, म्हनून म्या जरासं...” ती “व्हय” म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. अर्ध्या घागरीतलं शिळं पाणी तिनं घमेल्यात ओतलं, माशांना एकेक करून ओंजळीनं त्यात सोडलं आणि पेल्यानं पाणी वरखाली करायला बसली. घमेलं भरेना. शांताक्का धावत आत गेली आणि रांजणातलं पिण्याचं पाणी तांब्या भरून घेऊन आली. जगदेवीनं मान हलवली. त्या पाण्यातही तुरटी होती. घरातल्या सगळ्याच पाण्यात होती, माणिकप्पाच्या हातची. आत्ता आणलेल्या घागरींत नव्हती, पण त्यांना टँकरमधल्या औषधाचा असा वास येत होता की डोळे चुरचुरत होते. शांताक्का तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. घरात एवढं पाणी कधीच साठलं नव्हतं त्या उन्हाळ्यात, आणि त्यातला एक थेंबही उपयोगाचा नव्हता. काळा मासा दिवे लागायच्या आत गेला. त्याच्यामागं एक सोनेरी. माणिकप्पा ओट्यावर बसून आतला आवाज ऐकत होता, पेला, पाणी, पेला, पाणी. शेवटचा एक जगावा म्हणून तो देवाला विनवत होता. अगदी मनापासून, आतडं पिळवटून विनवत होता, आणि त्यातच त्याला वाटत होतं, आता हातात काही राहिलं नाही म्हणून हे इतकं मनापासून येतंय. दुपारी घागर हाताशी होती तेव्हा हे कुठं होतं?

दिवस उजाडताना पेला थांबला. माणिकप्पा घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला तर जगदेवी पहारीनं जमीन उकरत होती. जमीन लोखंडासारखी झाली होती, पहार उडत होती. त्यानं हात पुढं केला, तिनं पहार दिली नाही. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात; शरणबसप्पालाही सोलापूरच्या मसणवट्यात तसंच बसवलं होतं, आणि तेव्हा बायकांना जवळ येऊ दिलं नव्हतं. आज तिला कुणी अडवलं नाही. वीतभर खड्डा झाला. चिंधीत गुंडाळलेले तीन मासे तिनं खाली ठेवले. शांताक्का दारातून आली, चिमूटभर विभूती घेऊन, ती खड्ड्यात टाकली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. जगदेवीनं माती लोटली, पायानं नाही, हातानं. मग उभी राहून हात झटकले.

“लोहाऱ्याची मान्सं कवा येनार हायेत?” तिनं विचारलं. तिला कुणी सांगितलं होतं, त्यानं तर नाही. गल्लीत अशा गोष्टी दुधाच्या आधी पोचतात. तो म्हणाला, “आज. सकाळच्या गाडीनं.” ती म्हणाली, येऊ द्या, मी तयार होते. तेव्हा माणिकप्पाच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं की एवढी घाई नाही, आपण निरोप देऊ, पाऊसकाळ होऊ दे, सोलापूरला जाऊन दुसरे मासे आणू, दुकान असतंच की कुठंतरी. बोलता बोलता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मुकादमासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा होता. जगदेवीनं त्याला पुरं बोलू दिलं.

“न्हाय अप्पा. सबूद दिला हुता म्या.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला पाय धरता आले असते. त्याला एकच विचारायचं होतं, तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलं? जिभेवर आलं होतं. पण ती उलट विचारील, तुमाला काय वाटतं, आणि मग काय सांगायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कालपासून तो स्वतःच्या हाताकडे बघत होता, हातही काही सांगत नव्हता. तिनं पहार भिंतीला टेकवली आणि पदराचा शेव खोचत, उद्याचं काही काम सांगावं तशा आवाजात म्हणाली,

“एकच करा. मला लोहाऱ्याला सोडायला तुमी येऊ नका. सनासुदीला बी येऊ नका. अव्वाला पाठवा.”

तो बरं म्हणाला. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं आंघोळीचं पाणी चुलीवर चढल्याचा आवाज आला. पलीकडच्या रस्त्यावर लोहाऱ्याच्या दुधाची गाडी हॉर्न देत केंद्राकडे गेली. माणिकप्पा अंगणातच उभा होता, आणि आपण आत जाऊन नेमकं कुठं बसायचं, हे त्याला कळत नव्हतं.